किंग हेन्रीज रोड ते क्रू : एका नामशेष इंजिनाच्या मागावर

लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड हा पत्ता आता आपल्या समाजात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. १९२१-२२ मध्ये परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर या घरात राहिले. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ते स्मारक म्हणून खुले झाले. पुढे शेजारपाजारच्या तक्रारी आणि स्थानिक कौन्सिलचा नकार यावरून वाद झाला आणि २०२० साली स्मारकाच्या बाजूने निकाल लागला. आपले लोक जातात, वंदन करतात, दारातील निळ्या फलकाखाली उभे राहून फोटो काढतात आणि परत फिरतात. मीही तेच केले. पण या घराच्या शेजारी आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्याकडे बहुतेकांची पाठ असते. ती म्हणजे रेल्वे.

भुयारी रेल्वेच्या चॉक फार्म स्टेशनवर उतरून या घराकडे पायी यायचे तर एक पूल ओलांडावा लागतो. पुलाखाली युस्टन स्टेशनकडून आलेले रुळांचे जाळे पसरलेले आहे. पूल ओलांडला की उजव्या हाताला किंग हेन्रीज रोड लागतो. हा रस्ता आणि त्याच्या उत्तरेचा अ‍ॅडलेड रोड यांच्या मधून ही रेल्वे जाते आणि थोड्याच अंतरावर प्रिमरोझ हिलच्या बोगद्यात शिरते. बोगदा १८३७ सालचा, लंडनमधील पहिला रेल्वे बोगदा. आज येथे विजेच्या गाड्या धावतात. सर्रकन येतात आणि जातात. बाबासाहेब येथे राहत असताना मात्र सगळा कारभार कोळशाचा आणि वाफेचा होता.

युस्टनहून निघालेल्या गाडीला पहिल्याच मैलात कॅम्डेनची चढण लागते. अगदी सुरुवातीला ती इतकी अवघड मानली गेली की १८४४ पर्यंत गाड्या दोरखंडाने वर ओढत. पुढे इंजिने स्वतःच्या बळावर चढू लागली. चॉक फार्मला ‘राउंडहाऊस’ नावाची मोठी गोल इमारत दिसते. तेथे हल्ली नाटके आणि गाण्याचे कार्यक्रम होतात. पण ती १८४७ साली बांधली गेली इंजिनांची शेड म्हणून. थोडक्यात, हा भाग म्हणजे त्या काळचा कुर्ला किंवा भुसावळ समजा. अशा धुराच्या शेजारात राहून बाबासाहेबांनी जून १९२१ मध्ये एम.एस्सी. मिळवली आणि ‘रुपयाचा प्रश्न’ हा प्रबंध ऑक्टोबर १९२२ मध्ये सादर केला.

हा मार्ग तेव्हा ‘लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वे’ या खाजगी कंपनीचा होता. १९२२ अखेर ही कंपनी संपली आणि १९२३ पासून ‘लंडन मिडलंड अँड स्कॉटिश’ या मोठ्या कंपनीत विलीन झाली. म्हणजे बाबासाहेबांनी या कंपनीची अगदी शेवटची वर्षे पाहिली. तिच्या जलद गाड्या ओढणाऱ्या इंजिनांमध्ये ‘जॉर्ज द फिफ्थ’ या वर्गाची इंजिने होती. १९१० ते १९१५ या काळात क्रू येथील कारखान्यात अशी ९० इंजिने तयार झाली. युस्टन ते बर्मिंगहॅम हे ११३ मैलांचे अंतर दोन तासांत कापणाऱ्या गाड्यांना ती जोडत. कॅम्डेनची चढण चढताना या इंजिनांच्या धुराड्याचा आवाज फार कडक, अशी त्यांची ख्याती होती.

इंजिनाची रचना सोपी आहे. पुढे चार लहान चाके, मागे चार मोठी चाके, त्याच्यामागे काही नाही. म्हणून रेल्वेच्या भाषेत त्याला चार-चार-शून्य म्हणतात. आपल्याकडेही त्याच काळात याच धाटणीची इंजिने ब्रिटनमधून येत. मोठ्या चाकाचा व्यास ६ फूट ९ इंच, म्हणजे उंच माणूससुद्धा त्याच्याशेजारी ठेंगणा दिसावा. अंगावर चकचकीत काळा रंग आणि त्यावर तांबड्या-पांढऱ्या बारीक रेघा. चाकावरच्या कमानीसारख्या झाकणावर पितळी नावपट्टी.

या वर्गाचे महत्त्व रंगात नव्हते, वाफेत होते. भाताच्या भांड्यावरचे झाकण उचलले की त्याच्या आतून पाणी गळते. वाफ ओली असते, थंड झाली की तिचे पुन्हा पाणी होते. इंजिनाच्या सिलिंडरमध्येही तेच होई आणि कोळशाची ताकद वाया जाई. जर्मनीच्या विल्हेल्म श्मिट यांनी यावर उपाय काढला. बॉयलरमध्ये तयार झालेली वाफ आगीच्या नळ्यांतून पुन्हा फिरवायची, म्हणजे ती कोरडी आणि अधिक तप्त होते. १९०९ साली दुसऱ्या एका कंपनीचे असे इंजिन आपल्या मार्गावर चालवून पाहिले, तेव्हा नॉर्थ वेस्टर्नच्या लोकांना कळले की ते कोळसाही कमी खाते आणि पाणीही कमी पिते. तेव्हा त्यांचे मुख्य अभियंता होते चार्ल्स बोएन कुक. त्यांनी १९१० साली दहा इंजिने नव्या पद्धतीची बनवली, ती ‘जॉर्ज द फिफ्थ’. आणि दहा जवळपास तशीच पण जुन्या ओल्या वाफेची, ती ‘क्वीन मेरी’. दोन्ही शेजारी शेजारी चालवली. निकाल स्पष्ट लागला आणि पुढे राणीच्या इंजिनांनाही राजाची वाफ द्यावी लागली. मी वाणिज्य शाखेचा माणूस आहे. दोन खाती समोरासमोर मांडून नफा-तोटा पाहण्याची ही रीत मला फार आवडली.

पण या हिशेबात एक खाते राहते, ते फायरमनचे. समजा मैलाला ४० रतल कोळसा धरला, तर ११३ मैलांना साडेचार हजार रतल होतात. म्हणजे दोन टन. आपल्या सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्यांच्या भाषेत ४० पोती. ती दोन तासांत, हलत्या फळीवर उभे राहून, फावड्याने आगीत टाकायची. मिनिटाला १७ किलो. तेसुद्धा कसेही नाही. आगीत जेथे खळगा पडला असेल तेथेच नेमके पडले पाहिजे. शिवाय पाण्याकडे लक्ष, सिग्नलकडे लक्ष. रुळांच्या मधोमध लांब हौद बांधून धावत्या गाडीतून पाणी उचलण्याची युक्ती या कंपनीने १८६० पासून वापरात आणली होती. ते पाणी उचलणारे पात्र योग्य क्षणी खाली सोडायचे आणि योग्य क्षणी वर घ्यायचे, हे कामही फायरमनचेच.

या ९० इंजिनांपैकी आज एकही शिल्लक नाही. बरीचशी १९३० च्या दशकात भंगारात गेली, शेवटचे १९४८ साली. यॉर्क येथील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात या कंपनीची जुनी, एकोणिसाव्या शतकातील इंजिने आहेत, पण ‘जॉर्ज द फिफ्थ’ नाही. (१९२७ साली स्विंडनला बनलेले ‘किंग जॉर्ज द फिफ्थ’ नावाचे एक प्रसिद्ध इंजिन आहे, ते दुसऱ्या कंपनीचे आणि दुसऱ्या वर्गाचे. नावाने फसू नये.) मग मी कशाच्या मागावर गेलो? खेळण्यांच्या.

लंडनमध्ये जुनी खेळणी विकणाऱ्या एका लहानशा दुकानात मला ते दिसले. पत्र्याचे, हातभर लांबीचेही नाही, चावी देऊन पळणारे. झीरो गेज म्हणतात त्या मापाचे, म्हणजे दोन रुळांमधील अंतर ३२ मिलिमीटर. खऱ्या इंग्लिश रुळांमध्ये ते ४ फूट साडेआठ इंच असते. काळा रंग, रेघा, चाकावरच्या कमानीवर नाव, सगळे छापलेले. शंभर वर्षांनंतरही रंग टिकून होता. किंमत ऐकून मी ते अदबीने परत ठेवले. पण ठेवण्याआधी आत वाकून पाहिले. जेथे ड्रायव्हर आणि फायरमन उभे राहतात ती जागा रिकामी होती. शेगडीचे दारसुद्धा छापलेले होते, पण माणूस नव्हता.

ही खेळणी विकणारा गृहस्थ मोठा विलक्षण होता. डब्ल्यू. जे. बॅसेट-लोक हे त्याचे नाव (१८७७-१९५३), गाव नॉर्दम्प्टन. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याची न्युरेंबर्गच्या बिंग कंपनीच्या स्टेफान बिंगशी गाठ पडली. इंग्लंडच्या खऱ्या इंजिनांसारखी दिसणारी छोटी इंजिने बिंगने जर्मनीत बनवायची आणि बॅसेट-लोकने इंग्लंडमध्ये विकायची, असा व्यवहार ठरला. ‘जॉर्ज द फिफ्थ’ हे त्यातलेच एक. तेच इंजिन इतर कंपन्यांच्या रंगातही रंगवून विकत. ज्या गावाच्या मुलाला ज्या कंपनीची गाडी रोज दिसते, त्याला तो रंग. धंदा असा करावा!

बॅसेट-लोकचे लंडनमधील दुकान हाय होबर्न या रस्त्यावर होते, १९०८ पासून. बाबासाहेब बॅरिस्टरीसाठी ज्या ग्रेज इनमध्ये दाखल होते ते तेथून पायी काही मिनिटांवर. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स जवळच, आणि ज्या ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात ते दिवस दिवस वाचत बसत तेही फार दूर नाही. त्या दुकानाच्या काचेसमोर ते थांबले असतील असे मी म्हणणार नाही. अर्धपोटी राहून त्यांनी जी खरेदी केली ती पुस्तकांची. पण दुसरा एक धागा खरा आहे. बॅसेट-लोक हा फेबियन समाजवादी होता, बर्नार्ड शॉ यांचा मित्र. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स १८९५ साली ज्यांनी काढले ते सिडनी आणि बिअ‍ॅट्रिस वेब, ग्रॅहम वॉलस आणि स्वतः शॉ, हे सारे फेबियनच. श्रीमंतांच्या मुलांना महागडी खेळणी विकणारा माणूस आणि बाबासाहेबांचे विद्यापीठ हे एकाच वैचारिक गोतावळ्यातले.

युस्टनहून नॉर्दम्प्टनला साधारण तासाभरात पोहोचता येते. गाडी सुटते आणि लगेच किंग हेन्रीज रोडच्या बाजूने बोगद्यात शिरते. उजव्या-डाव्या कोणत्याही खिडकीतून घर दिसत नाही, तरी माझे हात आपोआप जोडले गेले. नॉर्दम्प्टनला ७८, डर्नगेट हे बॅसेट-लोकचे घर आहे. लहानसे, अरुंद, चाळीतल्या खोल्यांसारखे दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांना चिकटलेले. ते १९१६-१७ मध्ये चार्ल्स रेनी मॅकिन्टॉश या विख्यात वास्तुशिल्पकाराने आतून नव्याने सजवले. पाहुण्यांच्या खोलीत भिंतीपासून छतापर्यंत डोळे दिपवणारे काळे-पांढरे पट्टे आहेत. येथे झोप लागेल ना, असे शॉ यांना विचारले तेव्हा आपण डोळे मिटूनच झोपतो असे ते म्हणाले, अशी गोष्ट सांगतात.

या गावात मला दुसरेच काही सापडले. नॉर्दम्प्टन हे इंग्लंडचे चामड्याच्या जोड्यांचे गाव. पिढ्यान्पिढ्या येथे जोडे शिवले गेले. गावच्या संग्रहालयात जोड्यांचा प्रचंड संग्रह आहे. आणि गावच्या फुटबॉल संघाचे लाडके टोपणनाव काय, तर ‘कॉब्लर्स’, म्हणजे चांभार! मैदानावर हजारो लोक अभिमानाने हे नाव घेऊन ओरडतात. आपल्या देशात याच शब्दाचे काय केले गेले हे मी या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगायला नको. चामडे तेच, आरी तीच, टाकाही तोच. फरक हातात नाही, हाताकडे पाहणाऱ्याच्या डोळ्यात आहे.

आणि विद्वेष फक्त आपल्याकडेच आहे असेही नाही. बिंग घराणे ज्यू होते. १९३० च्या दशकाच्या आरंभी ती प्रचंड कंपनी कोसळली. पुढे त्याच न्युरेंबर्ग शहरात १९३५ साली हिटलरने ज्यूंचे नागरिकत्व हिरावणारे वंशभेदाचे कायदे जाहीर केले. ज्याने हजारो मुलांच्या हातात गाड्या दिल्या त्या स्टेफान बिंगला देश सोडून इंग्लंडला यावे लागले.

नॉर्दम्प्टनहून उत्तरेला क्रू. हे गावच रेल्वेने वसवले. कारखाना १८४३ साली सुरू झाला. १९५८ साली शेवटचे वाफेचे इंजिन बाहेर पडले, तोवर तेथे सात हजारांवर इंजिने बनली होती. आता जुन्या कारखान्याचा बहुतेक भाग पाडून टाकला आहे. तेथे दुकाने आणि गाड्या उभ्या करायच्या जागा आहेत. एक वारसा केंद्र आहे, त्यात मुले रमतात. कंपनीने येथे घरे बांधली, शाळा बांधली, चर्च बांधले. घरे मात्र हुद्द्याप्रमाणे : साहेबांना बंगले, त्याखालच्यांना जरा नक्षीची घरे, मजुरांना साध्या ओळी. आपल्या रेल्वे कॉलनीतील क्वार्टरांचे टाइप आठवले. ही पद्धत कोठून आली ते कळले.

क्रूच्या कारखान्यातून १९११ साली ५००० वे इंजिन बाहेर पडले. ते ‘जॉर्ज द फिफ्थ’ वर्गाचेच होते आणि राज्याभिषेकाच्या निमित्ताने त्याचे नाव ठेवले ‘कॉरोनेशन’. जूनमध्ये लंडनला राज्याभिषेक झाला, डिसेंबरमध्ये दिल्लीला दरबार भरला. पण मधल्या ऑगस्टमध्ये काय झाले ते नावपट्टीवर नाही. त्या महिन्यात ब्रिटनच्या रेल्वे कामगारांनी पहिला देशव्यापी संप केला. वेल्समधील लानेथ्ली येथे सैनिकांच्या गोळीबारात दोन तरुण मेले. आठ तासांचा दिवस मिळायला १९१९ साल उजाडले.

या वर्गाच्या इंजिनांना नावे कोणाची? राजाची, पक्ष्यांची, शिकारी कुत्र्यांची आणि कंपनीच्या संचालकांची. कुत्र्यांचा नंबर लागला, कोळसा टाकणाऱ्याचा नाही. पण एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. पहिल्या महायुद्धात याच कंपनीच्या तीन नोकरांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला : साइक्स, वुड आणि ख्रिस्टी. कंपनीने आपल्या सर्वांत मोठ्या, ‘क्लॉटन’ वर्गाच्या तीन इंजिनांना त्यांची नावे दिली, अगदी प्रायव्हेट आणि लान्स कॉर्पोरल या हुद्द्यांसह. साध्या शिपाई-कामगाराचे नाव पितळेत कोरले गेले. त्यासाठी त्याला रणांगणावर मरणाच्या दारात जावे लागले, हेही तितकेच खरे. कोरेगावच्या स्तंभावरील नावे वाचणाऱ्यांना यात नवल वाटू नये.

ब्रिटनमध्ये इंजिन पुसणारा पोरगा पुढे फायरमन होई आणि बऱ्याच वर्षांनी ड्रायव्हर. शिडी लांब होती, पण तिच्या पायऱ्या एकाच जातीच्या नव्हत्या. आपल्याकडे ज्या कंपनीची गाडी १८५३ साली पहिल्यांदा बोरीबंदरहून ठाण्याला गेली, त्या जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला भरली. बाबासाहेबांनी तेथे ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू म्हणून दाखवले. हे वाक्य आपल्याला पाठ आहे. पण त्याच भाषणातील रेल्वेचा तपशील फारसा कोणी वाचत नाही. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच आयुष्य काढतो. त्याला पोर्टरही करत नाहीत, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामे करून घेतो आणि अस्पृश्य घरात चालत नाही. कारखान्यातही त्याला कारागीर होऊ देत नाहीत, तो कुलीच राहतो. ज्याने लंडनमध्ये रेल्वेशेजारी राहून अर्थशास्त्र शिकले त्याने रेल्वेचा असा हिशेब मांडला.

वाचकहो, आपल्या कितीतरी घरांत आजोबा गँगमन, खलाशी, कोळसा भरणारे होते. ब्रॉडगेजवरील वाफेची इंजिने १९९५ साली बंद झाली. त्या शेडमध्ये राबलेली माणसे आता थोडीच उरली आहेत. इंग्लंडमध्ये ‘जॉर्ज द फिफ्थ’चे प्रत्येक माप, रिव्हेट आणि रेघ हौशी लोकांनी जपली आहे, त्यावरून घरी बसून छोटी इंजिने बनवणारे आहेत, आणि एका ट्रस्टने तर लोकवर्गणीतून याच वर्गाचे खरेखुरे, पूर्ण आकाराचे नवे इंजिन ‘प्रिन्स जॉर्ज’ या नावाने उभारण्याचे काम हाती घेतले. मनमाडच्या त्या दोन दिवसांत मंडपात कोण कोण बसले होते, त्यांच्या हातावर कसले घट्टे होते, हे आजोबांना विचारून वहीत लिहून ठेवणारी नातवंडे आपल्याकडे किती आहेत?

ज्यांचे कोणी नातेवाईक लंडनला आहेत किंवा जे जयंतीनिमित्त जाणार आहेत, त्यांच्यासाठी थोडे. किंग हेन्रीज रोडच्या स्मारकाच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. चॉक फार्मच्या पुलावर पाच मिनिटे थांबावे. युस्टनच्या गाड्या खालून जातात. नॉर्दम्प्टनचे डर्नगेटचे घर वर्षभर रोज उघडे नसते, तेव्हा चौकशी करूनच निघावे. तेथून जोड्यांचे संग्रहालय पायी जवळ आहे. क्रूला जायचे तर एक पूर्ण दिवस हाताशी ठेवावा, आणि डबा बरोबर घ्यावा. स्टेशनवरचा चहा आपल्या खिशाला परवडत नाही.